टिकटिक चालू, ड्रायर बंद

आर्द्रा नक्षत्र लागून चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत रत्नागिरीत उन्हाची तिरीपसुद्धा दिसली नव्हती. पडवीतल्या दोन्ही वलण्या, माजघरातली दांडी आणि शेवटी जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यांच्या पाठी, जिथे जागा मिळेल तिथे ओले कपडे लटकत होते, आणि नेमक्या अशा सकाळी आमच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरेनासा झाला. कोकणातल्या माणसाला या वाक्यातले दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. भर पावसाळ्यात ड्रायर नसणे म्हणजे टॉवेलला तिसऱ्या दिवशी येणारा कुबट वास, आणि तोच टॉवेल पुन्हा धुवून पुन्हा न वाळणे.

आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो खरे तर कपडे वाळवतच नाही. मशीनच्या उजव्या बाजूचा तो लहान टब मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतो आणि कपड्यांतले पाणी भोकांतून बाहेर फेकतो. त्यात हवा गरम करणारे काहीही नसते. म्हणजे ती एक विजेवर चालणारी पिळणी आहे. तरीही घराघरांत तिचे नाव ड्रायरच पडले आहे, आणि दुकानदार, दुरुस्तीवाले आणि माहितीपत्रके लिहिणारे असे सगळेच ते वापरत असल्यामुळे मीही तेच वापरणार आहे. परदेशातला गरम हवेचा ड्रायर ही वेगळी वस्तू आहे. तिची गोष्ट पुढे येईल.

ड्रायर बंद पडला तेव्हा धुण्याची बाजू व्यवस्थित चालू होती. ड्रायरचे झाकण लावून त्याच्या टायमरचा नॉब फिरवला की नेहमीसारखी टिकटिक सुरू होत असे, पाच मिनिटांनी नॉब शून्यावर येऊन थांबत असे, आणि मधल्या वेळात टब मात्र तसूभरही हलत नसे. मी मुलांना तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे स्वतःच उघडून पाहण्याची इच्छा होती. पण घरातल्या लोकांनी पावसाळा, ओली जमीन आणि माझे वय या तिन्ही गोष्टी पुढे केल्या आणि दुरुस्तीवाल्याला बोलावले.

तो माझाच विद्यार्थी निघाला. नववीत मागच्या बाकावर बसायचा. त्याने प्लग लावला, नॉब फिरवला, कान लावून ऐकले आणि दोन मिनिटांत निदान केले.

“बाई, टायमर वाजतोय ना, म्हणजे टायमरला काही झालेलं नाही. मोटर गेली. बावीसशे रुपये धरून चाला.”

“अरे, मोटर गेली हे तू कशावरून ठरवलंस? मोटरला वीज पोचते की नाही ते पाहिलंस का?”

“ड्रायर फिरत नाही म्हणजे मोटरच, बाई. नाहीतर झाकणाचा स्विच डायरेक्ट करून बघू का?”

झाकणाचा स्विच डायरेक्ट करणे म्हणजे त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून तो कायमचा निकामी करणे. झाकण उघडताच मोटरची वीज तोडणारा तो स्विच आहे. घरात लहान मूल असो वा नसो, मिनिटाला १३०० फेरे घेणाऱ्या टबात झाकण उघडून हात घालता येईल अशी सोय करून ठेवणे मला मान्य नव्हते. मी त्याला चहा दिला आणि उद्या कळवते म्हणून सांगितले. राग नव्हता, पण एकसर जोडणीचा धडा मी त्याला कसा शिकवला असेल, या विचाराने थोडी खंत मात्र वाटली.

त्या रात्री भांडी आवरताना मी सहज मशीनपाशी गेले. प्लग भिंतीतून काढलेलाच होता. नॉब फिरवला तर टिकटिक सुरू झाली.

विजेचा एक थेंबही मशीनमध्ये नसताना टायमर वाजत होता, म्हणजे त्याच्या वाजण्याचा विजेशी काही संबंधच नव्हता. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला ड्रायरचा टायमर चावीच्या घड्याळासारखा असतो. आपण नॉब फिरवतो तेव्हा आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, ती उलगडताना दातेरी चाकांची एक साखळी फिरते आणि शेवटचे चिमुकले चाक मागेपुढे डोलत तिचा वेग आवरून धरते. टिकटिक होते ती त्या डोलण्याची. हा झाला अर्धा टायमर. उरलेला अर्धा म्हणजे साधा स्विच: एका बाजूला खाच असलेली एक चकती, तिच्यावर टेकलेली एक पितळी पट्टी आणि तिच्यासमोर दुसरी. नॉब शून्यावरून पुढे नेला की चकती पट्टीला ढकलते, दोन्ही पट्ट्यांच्या टोकांवरची बटणे एकमेकांना चिकटतात आणि वीज पुढे जाते. नॉब शून्यावर परतला की पट्टी खाचेत पडते आणि बटणे विलग होतात. एकाच डबीत बसवलेली ही दोन यंत्रे एकाच दांड्याने जोडलेली आहेत, पण एक बिघडले तरी दुसरे खुशाल चालू राहते. घड्याळ उत्तम चालले आहे आणि स्विच मेला आहे, असे होऊ शकते. टिकटिक ऐकून टायमर पास करणारा माणूस त्या घड्याळाची परीक्षा घेत असतो. वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या तो तपासतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. पतीना टॉर्च धरायला उभे केले, पायात रबरी चपला घातल्या आणि जमीन कोरडी पुसून त्यावर जुनी सतरंजी घातली. नुसते बटण बंद न करता प्लगच काढायचा, हा माझा नियम आहे. जुन्या घरांत भिंतीतला स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला सापडतो, आणि मग बटण बंद असतानाही मशीनमध्ये २३० व्होल्ट उभे असतात.

काही उघडण्यापूर्वी कानांनी बरेच काम होते. ड्रायर सुरू करताना ‘हंऽऽ’ असा घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि टब फिरत नसेल, तर वीज मोटरपर्यंत पोचलेली असते. अशा वेळी टायमर आणि झाकणाचा स्विच दोघेही निर्दोष ठरतात आणि संशय कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या डबीवर जातो, जिला दुरुस्तीवाले कंडेन्सर म्हणतात, किंवा मग ब्रेक अडकलेला असतो, नाहीतर टबाखालच्या जागेत एखादा मोजा जाऊन बसलेला असतो. (आमच्या आधीच्या मशीनमध्ये एकदा बाळाचे लंगोट सापडले होते, बाळ तोपर्यंत कॉलेजात गेले होते.) आवाज अजिबात नसेल तर वीज वाटेतच कुठेतरी तुटली आहे. आमच्याकडे पूर्ण शांतता होती. टब हाताने फिरवून पाहिला तर झाकणाची कडी दाबून धरल्यावर तो हलका फिरत होता आणि कडी सोडली की ब्रेक लागत होता. म्हणजे झाकणापासून खाली मोटरपर्यंत जाणारी ब्रेकची तार शाबूत होती.

आता तपासण्यासारख्या जागा चारच उरल्या होत्या: टायमर, झाकणाचा स्विच, मोटरचे वेटोळे आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी. या चारही गोष्टी एकसर जोडणीत असतात, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक. त्यांतली कोणतीही एक तुटली तरी परिणाम एकच दिसतो, आणि म्हणूनच नुसत्या परिणामावरून नाव घेता येत नाही. एकेक तुकडा सुटा करून मोजावाच लागतो. कोकणात वायरींचा संशय आधी घ्यावा, कारण उंदीर. मशीनखालच्या उबदार पोकळीत पावसाळ्यात उंदीर घर करतात आणि वायरीवरचे प्लॅस्टिक कुरतडतात. मी मागचे पत्र्याचे झाकण काढून टॉर्चने सगळ्या वायरी पाहिल्या. लेंड्या होत्या, पण कुरतडलेले काही नव्हते.

वरच्या पॅनेलचे मागचे चार स्क्रू काढले, तिन्ही नॉब सरळ वर ओढून काढले आणि पॅनेल पुढच्या बाजूने उचलून पालथे ठेवले. इथे कोणत्याही वायरीला हात लावण्याआधी मी मोबाइलवर पाच-सहा छायाचित्रे घेतली. आमच्या मशीनमध्ये टायमरच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या निघाल्या. कंपन्या रंग वाटेल तसे वापरतात, तेव्हा दुसऱ्याच्या मशीनच्या रंगांवर कोणी विसंबू नये. कपॅसिटरची टोके मी एका जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरला क्षणभर लावून घेतली. बहुतेक वेळा तो मोटरच्या वेटोळ्यांतून आपोआप रिकामा होतो. पण ‘बहुतेक’ या शब्दाच्या भरवशावर बोटे घालू नयेत.

मल्टिमीटर, म्हणजे वीज आणि रोध मोजायचा मीटर, विजेची वाट जोडलेली असली की पीं आवाज करणाऱ्या खुणेवर ठेवला. आधी झाकणाच्या स्विचची एक वायर सोडवून त्याच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या आणि पतीना झाकणाची कडी दाबायला सांगितली. पीं. सोडायला सांगितली, आवाज थांबला. पुन्हा दाबली, पीं. म्हणजे ज्याला डायरेक्ट करायचे होते तो बिचारा पूर्ण निर्दोष होता. मग मोटर: तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन घेतल्या तरी मीटरने रोधाचा आकडा दाखवला. वेटोळे जळून तुटले असते, किंवा त्यातला तापमानाचा फ्यूज उडाला असता, तर निदान एका जोडीला तरी मीटर गप्प राहिला असता. बावीसशे रुपयांची मोटर धडधाकट होती.

शेवटी टायमर. त्याचीही एक वायर सोडवणे आवश्यक असते, कारण ती जागच्या जागी असताना मोजले आणि धुण्याच्या बाजूचा टायमर चुकून चालू राहिलेला असला, तर मीटरची वीज दोन्ही मोटरींतून फिरून परत येते आणि तुटलेला स्विचसुद्धा जोडलेला असल्याचा भास होतो. मी सुया लावून नॉब पाचवर नेला. टिकटिक सुरू झाली. मीटर मुका. नॉब हलकेच दाबला तर क्षणभर ४० ओहम, मग ११०, मग पुन्हा काहीच नाही. चांगल्या स्विचने इथे १ ओहमच्याही खाली, जवळजवळ शून्य दाखवायला हवे. टिकटिक मात्र पूर्ण पाच मिनिटे इमानाने चालली होती, आणि पती टॉर्च धरून मला विचारत होते, “वाजतोय की गं, मग काय झालंय त्याला?”

यानंतर मी जे केले ते करू नये, म्हणून सांगते. नवा टायमर आणायला पावसात बाहेर पडण्याचा कंटाळा आला, म्हणून मी टायमरच्या डबीचे चार पत्री दात वर करून ती उघडली, पट्ट्यांची काळी पडलेली टोके बारीक पॉलिश पेपरने घासली, डबी बंद केली आणि मशीन जोडले. ड्रायर झोकात फिरला. घरात माझे कौतुक झाले. तेरा दिवसांनी तो पुन्हा बंद पडला, आणि यावेळी टायमरच्या डबीला हात लावला तर ती कोमट लागत होती. पट्ट्यांच्या टोकांवर टिकलीएवढी जी बटणे असतात ती चांदीच्या मिश्रधातूची असतात. काजळी घासताना मी ती चांदीही घासून काढली होती, पृष्ठभाग खरबरीत झाला होता, आणि दोन खरबरीत पृष्ठभाग जेमतेम दोन-चार टोकांवर भेटत असल्यामुळे तिथे वीज अडून उष्णता तयार होत होती. प्लॅस्टिकच्या डबीत अशी गरम जागा असणे ही साधी गोष्ट नाही. घासणे हे निदान पक्के करण्यापुरते ठीक आहे. दुरुस्ती म्हणून नव्हे.

रामआळीच्या पुढे सुट्या भागांचे एक दुकान आहे. तिथल्या गृहस्थांनी जुना टायमर हातात घेऊन पहिला सल्ला दिला तो असा: “काकू, कशाला खर्च करता? टायमर डायरेक्ट करा, भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद करायचं.” आपल्याकडे ‘डायरेक्ट करणे’ हे सर्व यंत्रांचे अंतिम औषध आहे. ड्रायरची मोटर थोड्या मिनिटांच्या कामासाठी बनवलेली असते, सलग तासभर फिरण्यासाठी नव्हे. टायमर काढून टाकला आणि दारावर कोणी आले, फोन आला, की ती फिरतच राहते. मी नम्रपणे नवाच मागितला. त्यांनी समोर सहा-सात टायमर मांडले, सगळे दिसायला सारखे.

इथेच लोक फसतात. वेळ पाच मिनिटांचीच हवी, हे सगळ्यांना समजते. पण दांड्याची लांबी, दांड्याचा सपाट भाग कोणत्या बाजूला आहे, बसवण्याच्या दोन भोकांमधले अंतर आणि बाहेर येणाऱ्या वायरींची संख्या या चार गोष्टी जुळल्या नाहीत तर तो बसत नाही, किंवा बसला तरी नॉबवरचे शून्य भलतीकडे येते. धुण्याच्या टायमरला जास्त वायरी असतात, कारण तो धुण्याच्या टबातल्या चकतीला उलटसुलट फिरवण्याचे आणि मध्ये थांबवण्याचेही काम करतो. तो ड्रायरच्या जागी चालत नाही. मी जुना टायमर सोबत नेला होता म्हणून एक तंतोतंत जुळणारा मिळाला. किंमत १९० रुपये. मी पिशवीतून मल्टिमीटर काढून दुकानातच तो तपासला, तेव्हा मागे उभे असलेले एक गृहस्थ छत्री मिटायची विसरून पाहत राहिले.

बसवायला वीस मिनिटे लागली. दोन स्क्रू, दोन वायरी. सगळे महत्त्व जोडांना आहे. आपल्याकडे वायरी पिळून त्यावर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आहे, आणि कोरड्या घरात ती चालूनही जाते. पण पॅनेलखालची जागा ओलसर असते, टेपचा डिंक दोन पावसाळ्यांत सुटतो आणि टेप केळीच्या सालीसारखी उलगडते. मी दाबून बसवायच्या टोप्या वापरल्या, त्यावर आकसणारी नळी चढवली आणि जोडांची तोंडे खाली येतील अशा रीतीने वायरीला एक झोळ देऊन ठेवला, म्हणजे वरून पाण्याचा थेंब आलाच तर तो झोळाच्या तळाशी जाऊन गळेल आणि जोडात शिरणार नाही. मशीनचे अर्थिंग आहे की नाही तेही तेव्हाच पाहून घेतले. होते.

मग निवांतपणे जुना टायमर पुन्हा उघडला. वर्तमानपत्रावर त्याचे आतडे पसरले होते: पांढऱ्या नायलॉनची पाच चाके, घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग, खाच असलेली चकती आणि त्या दोन पट्ट्या. भिंगातून पाहिले तर एका बटणाच्या मध्यभागी खड्डा पडला होता आणि समोरच्या बटणावर तेवढाच उंचवटा आला होता, जणू एकाची माती उकरून दुसऱ्यावर टाकली आहे. ते ठिणगीचे काम असते. मोटरमधल्या वेटोळ्यांतून वाहणारी वीज एकदम तोडली की ती सुखासुखी थांबत नाही, बटणे विलग होताना मधल्या हवेतून उडी घेते आणि दर उडीत धातूचा कण या बाजूचा त्या बाजूला नेते. आमच्याकडे दिवसाला सरासरी पाच वेळा ड्रायर लागतो आणि मशीनला सात वर्षे झाली आहेत, म्हणजे साडेबारा हजारांहून अधिक ठिणग्या त्या टिकलीएवढ्या बटणांनी सोसल्या होत्या. त्या हिशेबाने टायमरबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरे कारण मात्र टाळता येण्यासारखे होते. पट्टीच्या मुळाशी हिरवट गंज होता आणि दांड्याच्या बाजूने खाली वाळलेल्या साबणाचा पांढरा ओघळ आलेला होता. साबणाच्या पाण्याने निथळणाऱ्या हाताने नॉब फिरवला की पाणी दांड्यावरून थेट डबीत उतरते. गंजलेली पट्टी हळूहळू ताठरपणा गमावते आणि बटणे घट्ट दाबली जात नाहीत. शिवाय पतीना घाई फार. पाच मिनिटे पूर्ण व्हायच्या आत नॉब उलटा फिरवून शून्यावर आणण्याची त्यांची सवय होती, आणि मशीनसोबतच्या पुस्तिकेत नेमके तेच करू नका असे लिहिलेले असते, कारण स्प्रिंगचा हा टायमर एकाच दिशेने फिरवण्यासाठी बनवलेला आहे. आता नॉबजवळ एक कोरडा पंचा टांगला आहे. उलट्या फिरवण्याबाबत बोलणी चालू आहेत.

या सगळ्याची हकीकत मी न्यू जर्सीतल्या मुलीला सांगितली, तेव्हा ती हसून म्हणाली, “आई, कमाल आहे! माझ्याही ड्रायरचा टायमर गेलाय. मी नवा बघून ठेवलाय, दीडशे डॉलरचा.”

तिकडचा ड्रायर म्हणजे गरम हवेचे मोठे पिंप. तिचा २४० व्होल्टवर चालणारा, विजेचा आहे. ‘ऑटो’वर लावला की दोन-दोन तास फिरत राहतो आणि नॉब जागचा हलत नाही, ही तिची तक्रार. मी विचारले, “ऑटो सोडून नुसत्या मिनिटांवर लावलास तर नॉब हलतो का?” तिने लावून पाहिला. हलत होता.

तिच्या ड्रायरच्या टायमरमध्ये स्प्रिंग नसते, एक लहानशी विजेची मोटर असते, आणि ती तिथल्या विजेच्या सेकंदाला ६० आवर्तनांच्या तालावर चालते. (तोच टायमर आपल्याकडच्या ५० आवर्तनांवर चालवला तर तासाचे काम ७२ मिनिटे घेईल, आपल्या चावीच्या टायमरला असल्या गोष्टींचे सोयरसुतक नाही.) मिनिटांवर लावल्यास या मोटरला सतत वीज मिळते. ऑटोवर मात्र युक्ती वेगळी आहे: पिंपातून बाहेर पडणारी हवा ठरलेल्या तापमानापर्यंत, पुष्कळ मशीनमध्ये १५५ अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण ६८ अंश सेल्सिअसपर्यंत, पोचली की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, हीटर बंद करतो, आणि या थर्मोस्टॅटने हीटर बंद ठेवलेला असतो तेवढाच वेळ टायमरच्या मोटरला वीज मिळते. कपडे ओले असताना हवा तापायला वेळ लागतो, म्हणून टायमर थांबून राहतो. कपडे वाळत आले की हवा पटापट तापते आणि टायमर पुढे सरकतो. म्हणजे ऑटोवर थांबलेला टायमर हा पुष्कळदा आज्ञाधारक टायमर असतो. हवा तापतच नाही, असे त्याला कोणीतरी सांगत असते. हीटर जळला असेल तर असे होते, आणि हवा बाहेर नेणारी नळी तुंबली असेल तरीही होते, कारण तेव्हा हीटरच्या डब्याजवळ उष्णता साठून तिथला रक्षक थर्मोस्टॅट हीटर तोडत राहतो आणि बाहेरच्या वाटेवरची हवा कोमट, दमटच राहते.

जावयांनी प्लग काढून ड्रायर पुढे ओढला. मागची चार इंची नळी भिंतीशी चेपली गेली होती आणि तिच्यात कपड्यांचा राखाडी भुसा कापसासारखा ठासून भरला होता. दोन पिशव्या भरून निघाला. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालांत ड्रायरला लागणाऱ्या आगींचे सर्वांत मोठे कारण म्हणून सफाई न करणे हेच नोंदवलेले आहे, हे मी तिला त्याच वेळी ऐकवले. नळी बदलली, बाहेरची झडप मोकळी केली, आणि ऑटोवर लावलेला नॉब पन्नास मिनिटांत शेवटाला गेला. दीडशे डॉलर वाचले, आणि तिचा टायमर माझ्या टायमरच्या नेमका उलटा निघाला: माझा वाजत असून मेलेला, तिचा थांबलेला असून धडधाकट.

विद्यार्थ्याला मी कळवते म्हणाले होते, म्हणून त्याला बोलावून जुना टायमर आणि मीटर त्याच्या हातात दिले. त्याने नॉब फिरवला, टिकटिक ऐकली, मीटरकडे पाहिले, सुया बदलून पुन्हा पाहिले. “बाई, हा मी घेऊन जाऊ का?” एवढेच त्याने विचारले. मी दिला. गिऱ्हाइकांच्या घरी मीटर न्यायचा की नाही ते त्याचे तो पाहील.

नवा टायमर बसवून आता तीन महिने झाले. तो पाचच्या खुणेवर लावला की माझ्या हातातल्या घड्याळाने पाच मिनिटे बावीस सेकंद चालतो. वरच्या बावीस सेकंदांत कपडे जास्त पिळले जातात असे पतींचे म्हणणे आहे. मी तागडी लावून टॉवेल मोजून पाहिला. काही फरक नाही.